उन्हाळ्यात हातावर फोड आले, तर आधी परवाचं काम आठवा

एप्रिल-मेच्या उन्हात लिंबं तोडणाऱ्या, बांधावर सरबत पिळणाऱ्या किंवा वैरणीला गाजराचा पाला कापणाऱ्या माणसाच्या हातावर अचानक फोड येतात. घरात लगेच 'नागीण' म्हणतात, नाहीतर फवारणीच्या औषधाला दोष देतात. पण अशा वेळी पहिला प्रश्न हा हवा : परवा उन्हात हाताला कशाचा रस लागला होता?

लिंबू, अंजीर, सताप, बावची, गाजराचा पाला यांच्यात सोरालेन गटातली द्रव्यं असतात. कागदी लिंबाच्या सालीत ती रसापेक्षा जास्त. ती कातडीवर असताना ऊन लागलं की कातडी भाजते. घामानं ओल्या अंगात ती आणखी मुरतात. त्रास साधारण एका दिवसानं सुरू होतो आणि दोन-तीन दिवसांनी सर्वात वाढतो. म्हणूनच लिंबाची आठवण कुणाला राहत नाही.

फोडांचा आकार नीट बघा. रस ओघळला तिथं रेघ, उडाला तिथं ठिपके. लिंबू पिळलेल्या हातानं आईनं लेकराची पाठ धरली, तर बोटांचे ठसे उमटतात. मारल्याचा संशय घेण्याआधी हे विचारा. खाजेपेक्षा आग जास्त होते आणि कपड्याखालची कातडी बहुधा चांगली असते. फवारणीच्या औषधानं भिजलेल्या शर्टाखाली मात्र फोड येऊ शकतात. नागीण शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यानं उठते, बहुधा आधी दुखतं. काँग्रेस गवताची ॲलर्जी पापण्या, मान, कोपराच्या घडीत खाजते आणि भांगलणीला गेलं की पुन्हा उठते. बिब्ब्याच्या तेलानं फोड यायला तर उन्हाची गरजच नाही.

फोड फोडू नका. हळद, चुना, टूथपेस्ट लावू नका. गार पाण्याची पट्टी ठेवा आणि ती जागा उन्हापासून झाका. स्टेरॉइडचं मलम डॉक्टरांनी सांगितलं तरच. फोड मोठे असतील, डोळ्याजवळ असतील, पू किंवा ताप असेल, तर तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात दाखवा. नंतर राहणारे काळे डाग काही महिने टिकतात. त्यासाठी महागडी क्रीम घेऊ नका.

तोडणी सकाळी लवकर उरका, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, बांधावर पाणी आणि साबण ठेवा. रस लागला की लगेच हात धुवा, ढगाळ दिवशीसुद्धा, कारण कातडी भाजणारी उन्हातली अतिनील किरणं ढगातूनही येतात.