‘आज भक्तीत मजा आली नाही’ असं का वाटतं? या चुका टाळा

नाशिकच्या शरणपूर रोडला रविवारी चर्चमधली उपासना सुटली, की चहाच्या टपरीवर हमखास ऐकू येणारं वाक्य: “आज काही मजा आली नाही.” क्वायर (गायकवृंद) बेसूर, माईक खरखरणारा, संदेश म्हणजे प्रवचन लांबलेलं. मीही हे कित्येकदा बोललोय.

घोळ इथंच होतो. उपासना आपल्याला कशी वाटली, यावरच आपण तिचा हिशेब मांडतो. बायबलच्या नव्या करारात भक्तीसाठी वारंवार येणाऱ्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ आहे वाकणं, दंडवत घालणं. वाकलेला माणूस स्वतःला मजा आली का, हे विचारत बसत नाही.

दुसरी चूक म्हणजे गाणी झाली की उपासना झाली, असं समजणं. पापांची कबुली, वचन म्हणजे बायबल ऐकणं, मध्यस्थीची म्हणजे इतरांसाठीची प्रार्थना, दानार्पण, प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेणं) हे सगळं उपासनेतच येतं. कबुली संपल्यावर पोचणाऱ्यांनी (पार्किंगचं कारण आता जुनं झालं) निदान एक रविवार वीस मिनिटं आधी येऊन पाहावं.

चालींवरून भांडणं ही आमच्याकडची खास चूक. तरुणांना गिटार हवी, वडीलधाऱ्यांना पेटी-तबला. मराठी कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढे मराठी भजनाच्या वळणाची पदं मंडळीला, म्हणजे चर्चच्या लोकांना दिली. आज जुनं वाटणारं ते भजनही कधीकाळी नवंच होतं. माझं मत विचाराल तर मला पेटीच आवडते, पण ती माझी आवड झाली, शास्त्राची आज्ञा नव्हे. बायबलमध्ये योहानाच्या चौथ्या अध्यायात शोमरोनी (यहुद्यांपासून दुरावलेल्या समाजातल्या) स्त्रीने भक्तीची खरी जागा आपला डोंगर की यरुशलेम, असा वाद काढला, तेव्हा येशूने जागेचा निवाडाच केला नाही. पिता आत्म्याने व खरेपणाने भक्ती करणारे शोधतो, असं त्याने सांगितलं.

मन लागतच नसेल तर? शनिवारी रात्री दुसऱ्या दिवसाचा शास्त्रपाठ मोठ्याने वाचून ठेवा. मन जड असेल तर ओढूनताणून आनंदी गीत म्हणू नका. बायबलमधलं स्तोत्र १३ ‘कुठवर?’ या प्रश्नानेच सुरू होतं, आणि स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं. तेही भक्तीत बसतं. फोनवर गीताचे शब्द पाहता पाहता व्हॉट्सॲप उघडत असेल, तर गीतपुस्तक घ्या.

आता सगळ्यात अवघड अडचण. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो, की वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाचं आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेवून आधी समेट करावा. गावाकडे द्राक्षबागेच्या बांधावरून सख्ख्या भावाशी दोन वर्षं अबोला धरून मी पहिल्या बाकावर बसत होतो. उपासना कोरडी का जाते, याचं खापर क्वायरवर फोडत होतो. शेवटी एका रविवारी दानार्पणाआधीच बाहेर आलो आणि गेटपाशी उभा राहून फोन लावला. त्याने तिसऱ्यांदा उचलला.