डेटाबेस ‘रिलेशनल’ आहे म्हणून निर्धास्त राहू नका : या चुका टाळा

आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल मांडले, म्हणजे माहिती ओळी आणि कॉलम असलेल्या टेबलांत ठेवायची पद्धत. पुढच्या पंधरा वर्षांत बाजारातला जवळजवळ प्रत्येक डेटाबेस स्वतःला रिलेशनल म्हणवू लागला. जुन्या मालावरही तीच पाटी लागलेली बघून कॉड यांनी १९८५ मध्ये ‘कॉम्प्युटरवर्ल्ड’मध्ये आपली नियमावली छापली. ‘बारा नियम’ म्हणून ती ओळखली जाते, पण क्रमांक शून्यापासून असल्यामुळे नियम आहेत तेरा. आज आपण वापरतो त्या ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, डीबी२, मायएसक्यूएल, पोस्टग्रेस यांपैकी एकही या सगळ्या नियमांत बसत नाही. खरी पंचाईत पुढेच आहे : प्रत्येकाने सूट घेतली आहे ती वेगवेगळ्या ठिकाणी. एका डेटाबेसवर हात बसलेला माणूस दुसऱ्यावर गेला की नेमका तिथेच अडखळतो.

नलला किंमत समजणे

नल म्हणजे ‘इथली किंमत माहीत नाही’ अशी खूण, किंमत नव्हे. सर्वांत जास्त तास खाणारी चूक हीच. ‘एकही ऑर्डर न दिलेले ग्राहक’ काढायचे आहेत. आपण सरळ लिहितो : ज्यांचा आयडी ऑर्डरच्या टेबलमधल्या ग्राहक-आयडींमध्ये ‘नॉट इन’ आहे ते दाखव. टेस्टिंगला उत्तर बरोबर येते. लाइव्हवर शून्य ओळी. एररही नाही. कारण काउंटरवरच्या एका रोख विक्रीला ग्राहक-आयडी नव्हता, तिथे नल पडला. ‘नॉट इन’ म्हणजे ‘यापेक्षा वेगळा, आणि त्यापेक्षा वेगळा, आणि नलपेक्षाही वेगळा’. शेवटच्या तुलनेचे उत्तर खरे नाही, खोटेही नाही, ‘अज्ञात’ आहे. त्यामुळे अख्खी अट कधीच खरी होत नाही. अशा ठिकाणी ‘नॉट एक्झिस्ट्स’ लिहा. मी तर ‘नॉट इन’ फक्त हाताने टाइप केलेल्या यादीसाठीच ठेवतो.

हेच ‘अज्ञात’ दुसरीकडे उलटे वागते. ‘वेअर’मध्ये (ओळी निवडायच्या अटीत) ते आले तर ओळ गळते, ‘चेक’मध्ये (ओळ भरताना तपासायच्या नियमात) आले तर ओळ पास होते. वय किमान १८ असा चेक लावलात तरी वय कोरे असलेला माणूस आत येतो, आणि मग १८ च्या वरच्या यादीतही दिसत नाही, खालच्या यादीतही नाही. दोन्ही याद्यांची बेरीज एकूण संख्येशी जुळत नसेल तर पहिला संशय इथे घ्या. कॉलमला ‘नॉट नल’ लावणे हा निम्म्या दुखण्यावरचा इलाज आहे.

नल स्वतः कॉड यांच्याच नियमांत आहे हे खरे. त्यांचे सहकारी क्रिस डेट मात्र नलच्या कायम विरोधात राहिले. रात्री उशिरा रिपोर्ट जुळवत बसणाऱ्याला डेट यांचे म्हणणे लवकर पटते.

आता वेंडरांच्या तऱ्हा. ओरॅकल रिकामी स्ट्रिंग आणि नल एकच मानतो, म्हणून तिथे ‘नाव रिकाम्या स्ट्रिंगपेक्षा वेगळे’ ही अट एकही ओळ देत नाही. ‘इज नॉट नल’ लिहावे लागते. एसक्यूएल सर्व्हर युनिक (एकच किंमत दोनदा न चालणाऱ्या) कॉलममध्ये एकच नल घेतो. ईमेल ऐच्छिक आणि युनिक ठेवलात तर ईमेल नसलेला दुसरा ग्राहक भरताच एरर येते. पोस्टग्रेस, ओरॅकल, मायएसक्यूएल तिथे हवे तितके नल घेतात. एसक्यूएल सर्व्हरवर ‘नल नसलेल्या ओळींपुरता’ फिल्टर्ड युनिक इंडेक्स टाकला की काम भागते.

डुप्लिकेट ओळी डिस्टिंक्टने झाकणे

मॉडेलमध्ये रिलेशन (म्हणजे टेबल) हा संच असतो, त्यात तीच ओळ दोनदा येऊच शकत नाही. एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसशी बोलायच्या भाषेत, येते. एक बिल घ्या : वस्तू दोन, हप्ते तीन : ३,०००, ३,००० आणि ४,००० रुपये. बिल, वस्तू आणि हप्ते यांचा एकत्र जॉइन केला की सहा ओळी होतात आणि जमा रक्कम १०,००० ऐवजी २०,००० दिसते. मग कोणीतरी बेरजेत ‘डिस्टिंक्ट’ (सारख्या किमती एकदाच धर) घालतो. उत्तर ७,०००! दोन सारखे हप्ते एकच धरले गेले. हप्त्यांची बेरीज बिलनिहाय आधी वेगळी काढा, मग जोडा. क्वेरीत डिस्टिंक्ट दिसला की ‘हा कशासाठी?’ असे लिहिणाऱ्याला विचारायचेच.

प्रायमरी की (ओळीची ओळख ठरवणारा कॉलम) म्हणून नुसता आपोआप वाढणारा आयडी ठेवून थांबणे हीही त्याच जातीची चूक. एकाच पॅनची दोन खाती दोन आयडींनी आत येतात आणि डेटाबेसच्या लेखी सगळे युनिक असते. खरी ओळख ज्या कॉलमवर आहे त्यालाही युनिक लावा.

लिहिले म्हणजे लागू झाले असे धरणे

मायएसक्यूएल ८.०.१६ च्या आधी चेक कन्स्ट्रेंट (टेबलावर लावलेला नियम) वाचायचा आणि गुपचूप सोडून द्यायचा. कॉलमच्या ओळीतच लिहिलेला ‘रेफरन्सेस’ (दुसऱ्या टेबलाशी जोडणारा नियम) तर ९.० येईपर्यंत असाच वाऱ्यावर जात होता. व्हर्जन वाढवल्याने जुन्या टेबलांत हे नियम आपोआप उगवत नाहीत. ‘शो क्रिएट टेबल’ चालवून काय आहे ते डोळ्यांनी बघा, आणि एक मुद्दाम चुकीची ओळ भरून खात्री करा.

क्रम गृहीत धरणे

‘ऑर्डर बाय’ नाही तर क्रम नाही, बस. ओरॅकल १०जीच्या दुसऱ्या रिलीजमध्ये ग्रुपिंग हॅशने (ओळी क्रमाने न लावता) होऊ लागले आणि ‘ग्रुप बाय’ने आपोआप लागणाऱ्या क्रमावर उभे असलेले रिपोर्ट विस्कटले. मायएसक्यूएल ८.० मध्येही तसेच झाले.

अपडेट एकदम होतो असे मानणे

मॉडेलप्रमाणे बदल सगळ्या संचावर एकाच वेळी व्हायला हवा. मायएसक्यूएलमध्ये दोन कॉलमांची अदलाबदल करायला ‘अ = ब, ब = अ’ असा अपडेट चालवा : नेमणुका डावीकडून उजवीकडे होतात, त्यामुळे दोन्हींत ब चीच किंमत उरते. पोस्टग्रेस इथे बरोबर वागतो, पण प्रायमरी कीच्या सगळ्या किमती एकने वाढवायला गेलात तर युनिकची तपासणी ओळीगणिक होते आणि स्टेटमेंट पडू शकते. पडेल की नाही हे ओळी डिस्कवर कशा मांडल्या आहेत यावर ठरते. म्हणून डेव्हलपरच्या मशीनवर चालते आणि सर्व्हरवर नाही. कन्स्ट्रेंट ‘डिफरेबल’ (तपासणी मागे ढकलता येणारा) केला की प्रश्न सुटतो, मात्र मग फॉरेन की (दुसऱ्या टेबलातून येणारा दुवा) त्याच्याकडे बोट दाखवू शकत नाही.

व्ह्यूवर आंधळा भरवसा

व्ह्यू म्हणजे टेबलासारखी वापरता येणारी, साठवून ठेवलेली क्वेरी. सिद्धांतात बदलता येण्याजोगा प्रत्येक व्ह्यू बदलता यावा असा नियम आहे. प्रत्यक्षात एका टेबलावरच्या साध्या व्ह्यूपलीकडे गेलात की बहुतेक ठिकाणी ‘इन्स्टेड ऑफ’ ट्रिगर (बदलाऐवजी आपोआप चालणारा कोड) लिहावा लागतो. त्याहून घातक म्हणजे व्ह्यूमधला ‘सिलेक्ट स्टार’ (सगळे कॉलम दे). एसक्यूएल सर्व्हरमध्ये मूळ टेबलातला मधला कॉलम काढून नवा जोडला, तर व्ह्यू जुन्याच नावांखाली सरकलेल्या किमती दाखवू शकतो, म्हणजे शहराच्या कॉलमखाली पिनकोड. ‘एसपी_रिफ्रेशव्ह्यू’ चालवल्यावर नावे जागेवर येतात. पण व्ह्यूत कॉलमांची नावे लिहिलेली असतील आणि ‘स्कीमाबाइंडिंग’ (व्ह्यूला मूळ टेबलाशी बांधणारा पर्याय) असेल, तर वापरातला कॉलम काढायलाच सर्व्हर नकार देतो.