न कळवता क्रेडिट रिपोर्टवर कलेक्शन लागलं? या चुका टाळा

कारच्या कर्जासाठी अर्ज केला तेव्हा कळलं, की माझ्या रिपोर्टवर 312 डॉलरचं कलेक्शन, म्हणजे वसुलीला गेलेल्या थकबाकीची नोंद, बसलंय. सोडलेल्या अपार्टमेंटची साफसफाई म्हणे. त्याआधी ना फोन, ना पत्र. घाबरून त्याच संध्याकाळी कार्डाने पैसे भरले. नोंद तशीच राहिली, फक्त पुढे ‘पेड’ लागलं.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींकडून ही चूक फार होते. कुणाचं देणं ठेवायचं नाही, हे आपल्या अंगात मुरलेलं असतं. पण पैशाआधी कागद मागा. रक्कम खरंच तुमच्याकडून येणं आहे का, हेच अजून ठरलेलं नसतं. शिवाय बऱ्याच राज्यांत जुन्या देण्यातले थोडेसे डॉलर भरले, तरी कोर्टात दावा लावायची मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. रिपोर्टवरच्या नोंदीचं आयुष्य मात्र साधारण सात वर्षांचंच. पैसे भरल्याने ते वाढत नाही आणि लगेच संपतही नाही.

दुसरी चूक म्हणजे ‘मला पत्र मिळालं नाही, म्हणजे नोंद बेकायदा’ असं धरून चालणं. 30 नोव्हेंबर 2021 पासून लागू असलेल्या रेग्युलेशन एफ या वसुलीच्या केंद्रीय नियमाप्रमाणे कलेक्टरने, म्हणजे दुसऱ्याचं थकलेलं येणं वसूल करणाऱ्या कंपनीने, ब्युरोला, म्हणजे क्रेडिट रिपोर्ट बनवणाऱ्या कंपनीला, कळवण्याआधी तुमच्याशी प्रत्यक्ष किंवा फोनवर बोलायला हवं. नाहीतर पत्र किंवा ईमेल पाठवून, ते परत येतंय का हे पाहायला पुरेसा वेळ थांबायला हवं. 14 दिवस थांबणं त्यासाठी पुरेसं मानलं जातं. पत्र परत आलं, तर तेवढ्यावर नोंद करता येत नाही. पण जुन्या पत्त्यावर गेलेलं पत्र नव्या भाडेकरूने कचऱ्यात टाकलं आणि ते परत गेलंच नाही, तर तुमची बाजू लंगडी पडते. म्हणून घर सोडताना नवा पत्ता पोस्टाला आणि घरमालकाला लेखी द्या.

नोंद कोणी केली, हेही नीट वाचा. हा नियम कलेक्टरला लागतो. हॉस्पिटलने किंवा बँकेने स्वतःचं येणं स्वतःच कळवलं असेल, तर लागत नाही.

मग तक्रार. नुसत्या फोनवर भागवू नका. नोंद दाखवणाऱ्या ब्युरोला आणि कलेक्टरला, दोघांनाही पत्र लिहा, सर्टिफाइड मेलने, पोचपावतीसह. त्यात साधं विचारा: मूळ येणं कोणाचं, रक्कम कशी झाली, आणि ब्युरोला कळवण्याआधी मला कधी, कोणत्या पत्त्यावर कळवलं? ब्युरोला साधारण 30 दिवसांत तपास करावा लागतो. देणं वादात आहे हे माहीत असताना ते लपवून कलेक्टरने नोंद कळवणं, हाही कायद्याचा भंग आहे. दाद मिळाली नाही तर सीएफपीबी या ग्राहकांच्या आर्थिक तक्रारी पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेकडे ऑनलाइन तक्रार करता येते.

‘बघू नंतर’ म्हणून वर्ष घालवू नका. कलेक्टरविरुद्ध एफडीसीपीए या वसुलीबाबतच्या केंद्रीय कायद्याखाली दावा करायला भंग झाल्यापासून एकच वर्ष मिळतं. जिंकलात तर प्रत्यक्ष नुकसानीशिवाय 1,000 डॉलरपर्यंत भरपाई आणि वकिलाची फी मिळू शकते.

आणि पत्र लिहायला बसण्याआधी, त्याच दिवशी, तिन्ही ब्युरोंचे रिपोर्ट उतरवून तारखेसह जपून ठेवा. ॲन्युअल क्रेडिट रिपोर्टच्या साइटवर ते दर आठवड्याला फुकट मिळतात. तक्रार पोचताच नोंद बदलली किंवा गायब झाली, तर ती होती हे दाखवायला तुमच्याकडे तेवढाच पुरावा असतो.