फ्रिज गार करेना? गॅसला हात लावण्याआधी या चुका टाळा

फ्रिज नीट गार करेना की घरमालक आणि नवशिका मेकॅनिक दोघंही एकच बोलतात, "गॅस संपला असेल." अहो, गॅस संपत नसतो. बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी लीक आहे, ते शोधा. आणि त्याही आधी कंडेन्सर, म्हणजे गरम गॅस थंड करणारी नळी, बघा. फ्रिजच्या आतली उष्णता आणि कॉम्प्रेसरने (गॅस दाबून फिरवणाऱ्या मोटरने) खाल्लेल्या विजेची उष्णता, दोन्ही बहुतेक तिथूनच बाहेर पडतात. ती वाट अडली की बिल चढतं.

माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते मॉड्युलर किचनच्या कपाटात कोंबलेला फ्रिज बघून. ठाण्यातलं एक घर, एप्रिलची दुपार. डबल डोअर फ्रिज, दोन्ही बाजूंना प्लायवूड, वर माळा. कॉम्प्रेसर तापून ओव्हरलोडवर (जास्त तापलं की वीज तोडणाऱ्या स्विचवर) ट्रिप व्हायचा, थोड्या वेळाने पुन्हा सुरू. आधीचा पोरगा दोनदा "गॅस टॉप-अप" करून पैसे घेऊन गेलेला. मी फ्रिज बाहेर ओढला, बाजूच्या पत्र्याला हात लावला तर चटकाच बसला. हल्ली बऱ्याच फ्रिजना मागे काळी जाळी दिसत नाही. कंडेन्सरची नळी बाजूच्या पत्र्याला आतून चिकटवलेली असते. म्हणजे तो पत्राच कंडेन्सर, आणि यांनी त्याला प्लाय टेकवलेली!

मोकळ्या हवेत ट्रिपिंग थांबलं, पण करंट जास्तच. कारण ते टॉप-अप. जादा गॅस द्रव होऊन कंडेन्सरमध्ये साचतो, वाफ थंड व्हायला जागा उरत नाही, दाब वाढतो. सगळा गॅस काढला आणि फ्रिजच्या माहिती-प्लेटवर लिहिलाय तेवढाच वजनकाट्यावर मोजून भरला. सुताराकडून माळा मागच्या बाजूने कापून घेतला, खाली जाळी लावली. "पण दिसायला कसं दिसेल?" हा प्रश्न आलाच. मी बाजूंना आणि मागे चार बोटं तरी जागा सोडतो, वर त्याहून जास्त.

आर-६००ए (हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमधला गॅस) भरताना घाई करणाऱ्यांना तर मी कामालाच ठेवत नाही. हा गॅस ज्वालाग्राही. ओट्यावर शेगडी चालू असताना नळी उघडायची नाही. भरायचा इतका थोडा की ग्रॅममध्ये मोजायचा, तिथे "अंदाजे" चालत नाही. शिवाय चालू फ्रिजमध्ये त्याचा सक्शनचा (कॉम्प्रेसर गॅस ओढतो त्या बाजूचा) दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी असतो. त्या बाजूला बारीक लीक असलं तर गॅस बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते. ती कंडेन्सरमध्ये अडकते, द्रव होत नाही, नुसता दाब वाढवते. व्हॅक्यूम न करता (नळ्यांतली हवा पंपाने न ओढता) गॅस मारला तरी हेच होतं. मी पंप लावतो आणि चहा प्यायला जातो. पंप पाच मिनिटांत काढणारे महिन्याभरात परत बोलावले जातात.

नळी उघडली की फिल्टर ड्रायर (गॅसमधली ओल आणि कचरा अडवणारा) नवा, जुनाच ठेवून पैसे वाचवू नका.

मागच्या जाळीवर फडकी वाळत घालू नका.

बाजू गरम लागते म्हणून तिथे थर्माकोल चिकटवणारेही पाहिलेत. गरम लागणं हेच तिचं काम.

खाली पंखा असलेल्या कंडेन्सरवर धूळ नमद्यासारखी बसते. प्लग काढून मऊ ब्रश फिरवा, दिवाळीच्या साफसफाईत उरकतं.

कूलिंग कमी म्हणून नॉब शेवटच्या आकड्यावर नेऊ नका. कंडेन्सर कोंडलेला असेल तर त्याने कॉम्प्रेसर फक्त थांबायचा बंद होतो.