बातमी वाचून डोकं तापलं की मी काय करते

मी सिंधुदुर्गात जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्षानुवर्षं पहिली-दुसरीला शिकवलं. २०२५ च्या जूनमध्ये पहिलीपासून हिंदीची बातमी आली आणि घरच्या ग्रुपवर मी पाच मिनिटांत चार मेसेज टाकले. ‘हिंदीचे शिक्षक आता पोटासाठी गप्प बसतील’ हा त्यातलाच एक. माझी चुलत नणंद हिंदी शिकवते. ती काही न बोलता ग्रुपमधून बाहेर पडली. माफी मागायला मी तिच्या घरी गेले. तेव्हापासून मी एक पद्धत लावून घेतली आहे.

सगळ्यात आधी मूळ कागद उघडायचा. शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. विभाग निवडा, तारीख बघा, डाउनलोड करा. प्रस्तावनेत अडकू नका. ‘शासन निर्णय’ या मथळ्याखालचे मुद्दे पेन्सिल घेऊन वाचा. १६ एप्रिलच्या निर्णयात हिंदी ‘अनिवार्य’ होती. त्यावर ओरड झाली. १७ जूनच्या निर्णयात तो शब्द गेला आणि हिंदी ‘सर्वसाधारणपणे’ तिसरी भाषा असेल, असं आलं. आमच्या ग्रुपवर निम्मे म्हणत होते सक्ती आहे, निम्मे म्हणत होते सक्ती उठली, आणि कागद एकानेही उघडला नव्हता. मीसुद्धा नाही.

उघडला तेव्हा खरी गोष्ट पुढच्या ओळींत सापडली. हिंदीऐवजी वेगळी भाषा हवी असेल तर इयत्तेत किमान २० मुलांनी ती मागायला हवी, तर तिचा शिक्षक मिळेल किंवा ती ऑनलाइन शिकवली जाईल. माझ्या शेवटच्या शाळेचा पट चौदा होता. एका इयत्तेचा नव्हे, अख्ख्या शाळेचा. तिथे वीस मुलं आणायची कुठून? वाडीवरच्या शाळेला ही निवड कागदावरच राहणार होती. चार मेसेजऐवजी हे एक वाक्य मी लिहिलं असतं, तर कुणाचं मन न दुखवता मुद्दा पोचला असता.

मग वही घ्यायची आणि तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहायच्या: कागदात काय आहे, मी स्वतः काय पाहिलंय, मला कशाची भीती वाटते. भीती लिहायला लाजू नका, पण ती पाहिलेल्या गोष्टीत मिसळू नका. ‘मराठी संपणार’ ही माझी भीती. पाहिलेली गोष्ट वेगळी. पहिलीतली एक मुलगी पाटीवर हात ठेवून म्हणायची, ‘बाई, माका येना नाय.’ पुस्तकात असतं ‘मला येत नाही’. घरची मालवणी आणि पुस्तकातली मराठी यांच्यामधली ही वाट चालायला तिला दिवाळीपर्यंतचा वेळ लागला. तिला त्याच वर्षी तिसरी भाषा का द्यायची, हा माझा प्रश्न, आणि तो मी छातीठोकपणे विचारू शकते, कारण ती मुलगी माझ्या समोर बसलेली होती.

एक रात्र जाऊ द्या. बातमी बदललेली असू शकते, म्हणून बोलण्याआधी तारीख पुन्हा बघा. २९ जूनला सरकारने दोन्ही निर्णय रद्द केले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याचं जाहीर केलं. तरी आमच्याकडे जुलैतही जुनेच मेसेज फिरत होते आणि लोक नव्याने चिडत होते.

मत कुठे मांडायचं, हेही ठरवा. नात्यातल्या माणसाशी मतभेद असेल तर ग्रुपवर नको, फोन करा. आणि कुणाच्या पोटावर, जातीवर, गावावर जाऊ नका. तो घाव भरायला फार काळ लागतो. सगळ्यांपर्यंत पोचवायचं असेल तर वर्तमानपत्राला पत्र लिहा. पहिल्या ओळीत बातमीचं शीर्षक आणि तारीख, मग एकच मुद्दा, दीडशे शब्दांच्या आत, खाली पूर्ण नाव आणि पत्ता. दोन मुद्दे असतील तर कमी महत्त्वाचा काढून टाका, संपादक काढण्याची वाट बघू नका.

पाठवण्याआधी ते पत्र तुमच्या विरुद्ध मताच्या माणसाला वाचून दाखवा. हे जड जातं, पण कराच. मी माझं पत्र नणंदेलाच वाचून दाखवलं. तिचं म्हणणं, लहान मुलं गाण्यांतून भाषा पटकन उचलतात. तिच्या वर्गात तिने ते पाहिलंय, म्हणून मी ते खोडून काढायला गेले नाही. ‘मुलांना तिसरी भाषा झेपणार नाही’ या वाक्यावर तिने बोट ठेवलं.

‘वहिनी, ‘मुलांना’ नको. ‘आमच्या वाडीतल्या मुलांना’ असं लिहा.’

मी तसं लिहिलं आणि पत्र पाठवलं.