सवाईला एकट्याने जाताना : आवडत्या कलाकाराचे गाणे मनासारखे ऐकण्यासाठी काय करावे

आवडत्या गायकाचे गाणे समोर बसून ऐकण्याची इच्छा असते, पण घरात कोणाला शास्त्रीय संगीताची आवड नसते आणि मित्रांना रजा मिळत नाही. एवढ्याच कारणाने अनेक रसिक दर डिसेंबरमध्ये पुण्याच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाचा बेत पुढच्या वर्षावर ढकलतात. माझ्या मते या महोत्सवाला एकट्याने जाणे ही नाइलाजाची गोष्ट नाही. तीन-चार तास एका जागी बसून ऐकायचे असेल, तर सोबत्याच्या भुकेचा, कंटाळ्याचा आणि घरी परतण्याच्या घाईचा विचार करावा न लागणे ही मोठीच सोय असते. मात्र जागा धरणे, सामान सांभाळणे, रात्री मुक्कामी परतणे ही सगळी कामेही एकट्यालाच करावी लागतात, म्हणून बेत नीट आखावा लागतो. आपला गायक स्वरमंचावर बसेल तो तास आधी मनात पक्का करावा आणि बाकी सगळे नियोजन त्या तासापासून मागे मागे करत यावे. त्या वेळी आपण जागेवर असावे, पोटात अन्न असावे, झोप झालेली असावी आणि मनात परतीच्या गाडीची चिंता नसावी.

तारखा, गाडी आणि तिकीट

पंडित भीमसेन जोशी यांनी आपले गुरू सवाई गंधर्व, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, यांच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये हा महोत्सव सुरू केला आणि आर्य संगीत प्रसारक मंडळ त्याचे आयोजन करते. डिसेंबरच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यात तो होतो आणि अलीकडे बुधवार ते रविवार असे पाच दिवस चालतो. तारखा आधी कळतात, पण कोणत्या दिवशी कोण गाणार हे साधारणपणे नोव्हेंबरमध्ये जाहीर होते. बाहेरगावच्या माणसाची खरी अडचण इथेच होते, कारण रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते आणि नागपूर किंवा गोव्याकडून पुण्याला येणाऱ्या गाड्या कलाकारांची यादी येईपर्यंत भरून गेलेल्या असतात.

त्यावर उपाय असा की तारखा कळताच शुक्रवारी सकाळी पुण्यात पोहोचण्याचे आणि सोमवारी निघण्याचे आरक्षण करून टाकावे. आपला कलाकार बुधवारी किंवा गुरुवारी आहे असे नंतर कळले, तर तिकीट रद्द करून पर्यायी गाडी किंवा बस पाहता येते. पक्के तिकीट जितके आधी रद्द करावे तितकी कापली जाणारी रक्कम तुलनेने कमी असते. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडून येणाऱ्यांना एवढा विचार करावा लागत नाही, कारण एसटी थेट स्वारगेटला येते आणि महोत्सवाचे ठिकाण तिथून रिक्षाने काही मिनिटांवर आहे.

महोत्सवाची तिकिटे दोन प्रकारांत विचारात घ्यावीत : खुर्चीची आणि भारतीय बैठकीची. एकट्याने जाणाऱ्याने, गुडघे आणि पाठ साथ देत असतील तर, बैठकीचे तिकीट घ्यावे असे मी आग्रहाने सुचवेन. ते स्वस्त तर असतेच, पण बैठकीत चौघांच्या गटाला जागा मिळत नसताना एकट्या माणसाला दोन सतरंज्यांच्या मधली मोकळी जागा पुढच्या भागातही सापडते. शिवाय शेजारच्या सतरंजीवर बसलेल्या माणसांशी ओळख आपोआप होते. संपूर्ण महोत्सवाचे तिकीट आणि एका दिवसाचे तिकीट यांच्या किमतींची तुलना करावी. तीन दिवस बसायचे असेल तर संपूर्ण महोत्सवाचे तिकीट बहुतेक वेळा फायद्याचे ठरते.

वेळ आणि राग यांचा हिशेब

पूर्वी महोत्सव रात्रभर चालत असे आणि भीमसेनजींचे गाणे ऐकण्यासाठी लोक थंडीत पहाटेपर्यंत थांबत. आता रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक वापरण्यास मनाई आहे आणि वर्षातल्या मोजक्याच दिवशी मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. त्यामुळे अलीकडच्या वर्षांत पहिले दिवस दुपारी तीनच्या सुमारास सुरू होऊन रात्री दहाला संपतात, शनिवार मध्यरात्रीपर्यंत चालतो आणि रविवार दुपारी बाराच्या सुमारास सुरू होतो.

प्रत्येक राग गाण्याची वेळ परंपरेने ठरलेली असते, म्हणून या वेळापत्रकाचा रसिकाला कळायला हवा असा परिणाम रागांवर होतो. दुपारच्या पहिल्या कलाकाराकडून भीमपलासी, मुलतानी किंवा मधुवंती ऐकायला मिळण्याची शक्यता असते. सूर्यास्ताच्या सुमारास मारवा, पूरिया धनाश्री किंवा श्री, त्यानंतर यमन, पूरिया कल्याण, भूप आणि आठनंतर बिहाग, बागेश्री, जोगकंस असा क्रम असतो. मालकंस किंवा दरबारी कानडा सावकाश फुललेला ऐकायचा असेल तर शनिवारची उशिराची बैठक चुकवू नये. सारंगाचे प्रकार रविवारी दुपारी ऐकायला मिळू शकतात. ललत, तोडी, अहिर भैरव मात्र या वेळांत बसत नाहीत, हे आधीच मान्य करून जावे. आपल्या गायकाची तोडी ध्वनिमुद्रणावर कितीही प्रिय असली तरी संध्याकाळी सातला ती ऐकण्याची अपेक्षा ठेवल्यास समोर चाललेला पूरिया कल्याण नीट ऐकला जाणार नाही.

म्हणून जाण्यापूर्वीच्या दोन-तीन आठवड्यांत आपल्या गायकाची तीच ती लाडकी ध्वनिमुद्रणे ऐकण्यापेक्षा, त्याला ज्या वेळेचे सत्र मिळाले आहे त्या वेळेचे राग ऐकावेत आणि तेही त्याच्या घराण्यातल्या, म्हणजे गायकीच्या गुरुपरंपरेतल्या, आधीच्या पिढ्यांकडून. किराणा घराण्याचा गायक असेल तर अब्दुल करीम खाँ, सवाई गंधर्व, मग भीमसेन जोशी आणि गंगूबाई हनगल असे क्रमाने ऐकले म्हणजे एकेका स्वराला दिलेला वेळ, त्यावर रेंगाळण्याची पद्धत आणि तानेचे वळण ही कुठून आली आणि आपल्या गायकाने त्यात स्वतःचे काय मिळवले, हे समोर बसल्यावर आपोआप उलगडत जाते. एवढी तयारी केलेल्या श्रोत्याला मैफलीतून मिळणारा आनंद कितीतरी अधिक असतो, असे मला खात्रीने वाटते.

मुक्काम आणि रात्रीचा परतीचा रस्ता

महोत्सव अनेक वर्षे रमणबागेत, न्यू इंग्लिश स्कूलच्या मैदानावर होत असे आणि जुन्या आठवणी सांगणारे लोक आजही तोच पत्ता सांगतात. २०१८ पासून तो मुकुंदनगरमधील महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडा संकुलात होऊ लागला. तरीही तिकिटावरचे ठिकाण आणि वेळ स्वतः वाचून घ्यावी, कारण अशा बाबी बदलू शकतात. कोरोनाच्या काळात तर महोत्सव होऊही शकला नव्हता.

मुक्काम डेक्कन किंवा स्टेशनजवळ न करता स्वारगेट, गुलटेकडी, मुकुंदनगर, बिबवेवाडी किंवा सातारा रस्त्याच्या परिसरात करावा. भाडे थोडे जास्त पडले तरी चालेल, पण रात्री दहाला हजारो माणसे एकदम बाहेर पडतात तेव्हा रिक्षासाठी थांबण्याऐवजी वर्दळीच्या रस्त्याने मुक्कामी पोहोचता आले पाहिजे. पुणे स्टेशनहून मेट्रोने जिल्हा न्यायालय स्थानकावर मार्गिका बदलून स्वारगेटपर्यंत येता येते. येताना हा मार्ग सोयीचा आहे, मात्र परतताना शेवटची गाडी किती वाजता सुटते ते त्याच दिवशी पाहून ठेवावे आणि शनिवारी मध्यरात्री मेट्रोवर अवलंबून राहू नये.

एकट्या जाणाऱ्या स्त्रियांनी, आणि खरे तर सर्वांनीच, मुक्कामाचे नाव, पत्ता आणि परतण्याची अंदाजे वेळ घरच्या एका माणसाला कळवून ठेवावी. रात्री उशिरा आल्यावर दार उघडले जाईल ना, हे खोली घेतानाच विचारावे. मांडवातून निघताना शेजारच्या कुटुंबाला ‘तुम्ही स्वारगेटकडे जाताय का?’ असे विचारण्यात संकोच करू नये. चार-पाच तास एकत्र गाणे ऐकलेली माणसे वर्दळीच्या नाक्यापर्यंत सोबत करायला सहसा नाही म्हणत नाहीत. अडचण आलीच तर ११२ हा आपत्कालीन क्रमांक लक्षात असावा.

पिशवीत काय असावे

डिसेंबरमध्ये पुण्यात दुपारी ऊन असते आणि सूर्य मावळताच गारठा वाढू लागतो. मांडव मोठा असला तरी थंडी जमिनीतून वर येते. जाड सतरंजी, बसण्यापुरती छोटी उशी, स्वेटर, शाल, पायमोजे आणि कान झाकणारी टोपी किंवा रुमाल एवढे सामान पुरते. पाण्याची बाटली, नेहमीची औषधे, चार्ज केलेली पॉवर बँक आणि छोटी वही-पेन्सिलही घ्यावी. सामान एका खांद्यावर मावेल एवढेच ठेवावे, कारण चहाला जाताना ते उचलून न्यावे लागते. पैसे आणि फोन अंगावरच असावेत. सतरंजी मात्र शेजाऱ्याला ‘जरा जागा बघाल का?’ असे सांगून खुशाल ठेवावी. तो उठला की आपण त्याची जागा बघायची, ही तिथली जुनी रीत आहे.

सकाळचा वेळ

दुपारपर्यंत मोकळा वेळ असतो म्हणून शहरभर फिरण्याचा मोह होतो. माझा सल्ला असा की आपला कलाकार ज्या दिवशी गाणार असेल त्या दिवशी तो मोह टाळावा, कारण थकलेल्या कानांना विलंबित ख्याल, म्हणजे संथ लयीत सावकाश फुलवलेले गाणे, पेलवत नाही. त्याऐवजी शिवाजीनगरच्या सवाई गंधर्व स्मारकात महोत्सवाच्या दिवसांत सकाळी ‘षड्ज’ आणि ‘अंतरंग’ हे उपक्रम होत आले आहेत, त्यांची त्या वर्षीची माहिती पाहावी. पहिल्यात संगीतकारांवरचे माहितीपट दाखवतात आणि दुसऱ्यात कलाकारांशी संवाद असतो. आपला गायक तिथे बोलणार असेल तर त्याच्या रियाजाविषयी आणि गुरूंविषयी त्याच्याच तोंडून ऐकून संध्याकाळी त्याचे गाणे ऐकता येते. नंतर जेवून तासभर झोप काढावी.

मांडवात

आपल्या कलाकाराच्या आधीच्या कलाकाराचे गाणे सुरू होण्यापूर्वी जागेवर बसलेले असावे. यामागे जागा मिळवण्याखेरीज आणखी एक कारण आहे. सवाईत अनेक नामवंतांची पहिली ओळख रसिकांना अशीच, दुसऱ्या कोणासाठी तरी आलेले असताना, झालेली आहे. दुपारच्या पहिल्या सत्रात बसणारा तरुण गायक पूर्ण तयारीनिशी आलेला असतो आणि समोर अर्धा मांडव रिकामा असतो. त्या वेळी उपस्थित राहून त्याला मनापासून दाद देणे हे महोत्सवावरच्या प्रेमाचा भाग मानावे.

खाणे दोन कलाकारांच्या मधल्या वेळात उरकावे, मात्र आपल्या गायकाच्या लगेच आधीच्या मध्यंतरात रांगेत उभे राहू नये. बटाटेवडा किंवा खिचडी त्याच्याही आधीच्या मध्यंतरात खाऊन घ्यावी. तानपुरे जुळू लागले की फोन बंद करून पिशवीत ठेवावा. ध्वनिमुद्रण आणि चित्रीकरण यांना मनाई असतेच, पण मनाई नसती तरी ते करू नये असे मी म्हणेन, कारण पडद्याकडे लक्ष असलेला माणूस समेची, म्हणजे तालाच्या आवर्तनातल्या पहिल्या मात्रेची, वाट बघत नाही आणि ख्यालगायनातला अर्धा आनंद त्या वाट बघण्यात असतो.

गायकाने षड्ज, म्हणजे ‘सा’, लावल्यापासून पहिली दहा मिनिटे निर्णायक असतात. राग ओळखता आला नाही तरी बेचैन होऊ नये आणि शेजाऱ्याला विचारू नये. बंदिशीचा, म्हणजे गायल्या जाणाऱ्या रचनेचा, मुखडा (सुरुवातीचे शब्द) किती मात्रांनी समेवर येतो तेवढे बोटांवर मोजत राहावे, म्हणजे मन स्थिर होते. राग चालू असताना उठू नये. उठावेच लागले तर बंदिश संपून टाळ्या वाजत असताना उठावे. शेवटी अभंग किंवा नाट्यगीत होईल अशी आशा सर्वांनाच असते, पण ओरडून फर्माईश करणे गायकाच्या मनातली आखणी मोडणारे असते, म्हणून ते टाळावे.

गाणे संपल्यावर कलाकाराला भेटायचे असेल तर मंचामागे धावू नये. तो बाहेर पडताना दिसला तर नमस्कार करून, त्याने आज गायलेल्या एखाद्या जागेविषयी एक वाक्य बोलावे आणि बाजूला व्हावे. छायाचित्रासाठी थांबवण्यापेक्षा ते वाक्य त्याला अधिक आवडेल. त्यानंतर पुढचा कलाकार बसण्यापूर्वी वहीत राग, ताल, बंदिशीचे शब्द आणि साथीदारांची नावे लिहून काढावीत, कारण त्याच संध्याकाळी आणखी तीन राग कानावर पडणार असतात आणि मुक्कामी पोहोचेपर्यंत ते एकमेकांत मिसळून जातात.

शेवटचा दिवस

रविवारी रात्रीच्या गाडीचे तिकीट काढू नये. महोत्सवाच्या सांगतेचे गायन अनेक वर्षे ज्येष्ठ गायिका प्रभा अत्रे करत असत आणि त्यानंतर सवाई गंधर्वांच्या आवाजातली ठुमरी ध्वनिमुद्रणावरून ऐकवण्याची परंपरा आहे. गाडीच्या घाईत तेवढेच ऐकायचे राहून जाते. सोमवारी सकाळची गाडी किंवा एसटी घेणे सर्वांत चांगले. रविवारीच निघणे भाग असेल तर मध्यरात्रीनंतर सुटणारी गाडी निवडावी, सामान स्वारगेटजवळच्या मुक्कामीच ठेवावे आणि मुकुंदनगर ते स्टेशन या प्रवासासाठी गर्दी धरून तासभर राखून ठेवावा.