शाळेतून 'डिसिप्लिन'चा मेल आला तर काय करायचं (न्यू जर्सीत नवीन आलेल्या आईबाबांसाठी)

मी २००८ मधे पुण्याहून एडिसनला आले. दर ऑगस्टमधे नवीन फॅमिलीज येतात, अपार्टमेंट कुठे बघू, शाळा कुठली चांगली, ओक ट्री रोडवर भाजी कुठल्या दुकानात ताजी मिळते सगळं विचारतात, शाळेतल्या शिस्तीच्या कारवाईचं मात्र कोणी विचारत नाही. आणि मग नोव्हेंबरात कधीतरी रात्री साडेदहाला एखादीचा फोन येतो, ताई, मुलाला सस्पेंड केलंय, आता कॉलेजचं काय होणार. म्हणून आधीच लिहून ठेवतेय.

पहिलं म्हणजे आपल्या दाखल्याची सवय डोक्यातून काढा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक'च्या रकान्यात सगळ्यांच्याच पुढे 'चांगली' लिहिलेलं असतं, वर्षभर वर्गाबाहेर उभा असला तरी. डायरीत लाल शेरा आला की सही करायची, बाईंना भेटून यायचं, विषय संपला. इथे नववी ते बारावी ही हायस्कूलची चार वर्षं, त्यात डिटेन्शन (शिक्षा म्हणून जादा वेळ थांबवणं), इन-स्कूल सस्पेन्शन (शाळेतच पण वर्गाबाहेर बसवणं), घरी बसवणारं सस्पेन्शन आणि एक्स्पल्शन (शाळेतून काढून टाकणं) अशा पायऱ्या आहेत आणि प्रत्येकीचा कागद वेगळा. तुमच्या मुलाला नक्की यातलं काय झालंय हे आधी स्पष्ट विचारून घ्या कारण पुढचं बरंच त्यावर ठरतं.

कॉलेजचं असं आहे की कॉमन अ‍ॅप म्हणून एकच फॉर्म आहे, तो शेकडो कॉलेजांच्या अर्जाला चालतो. त्यात आधी सगळ्यांनाच विचारायचे की हायस्कूलमधे तुझ्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली का. तो प्रश्न त्यांनी ऑगस्ट २०२१ पासून काढून टाकला, कारण कृष्णवर्णीय मुलांना त्याचा जास्त फटका बसतो हे त्यांच्याच आकड्यांत दिसलं होतं. पण एवढं ऐकून सुटलो म्हणू नका. कॉलेज स्वतःच्या वेगळ्या प्रश्नांमधे अजूनही विचारू शकतं आणि काही विचारतात. कोणी फक्त सस्पेन्शन आणि एक्स्पल्शनचं विचारतं, कोणी कुठल्याही कारवाईचं, त्यामुळे प्रत्येक कॉलेजचा प्रश्न शब्द न शब्द वाचायचा आणि जेवढं विचारलंय तेवढ्याचं खरं उत्तर द्यायचं. लपवायचं नाही. फॉर्मवर मुलाची सही असते की सगळं खरं आहे, आणि नंतर खोटं निघालं तर दिलेली अ‍ॅडमिशन काढून घेऊ शकतात.

आता माझ्या घरचं सांगते. मुलगा नववीत होता, २०१९ चा ऑक्टोबर. ग्रुप चॅटमधे एका मुलाच्या वजनावरून मीम टाकलं, चार जण हसले, यानेच अजून एक टाकलं. दुपारी पावणेचारला व्हाइस प्रिन्सिपलचा मेल. मी वाचलं आणि मला खरंच कळेना की यात एवढं काय, आमच्या वाड्यात तर जाड्या, काळ्या, बुटक्या हीच पोरांची नावं होती. नवरा म्हणाला, जाऊन हात जोडून सॉरी म्हणू, मिटेल. आम्ही तसंच केलं, समोर ठेवलेल्या कागदावर न वाचता सही केली आणि घरी आलो. त्या कागदावर लिहिलं होतं की मुलाने हे 'वारंवार' केलं. दोन मेसेज, एका संध्याकाळचे. तो एक शब्द बदलून घ्यायला मला पुढे चार महिने लागले, आणि त्याच्यापेक्षा जास्त त्रास मला आजही याचा होतो की ज्या मुलाला त्याने चिडवलं तो तीन दिवस शाळेत आला नव्हता आणि हे आम्हाला फार उशिरा कळलं.

न्यू जर्सीत याला एच-आय-बी म्हणतात, छळ, धमकावणं, बुलिंग यांचा २०११ चा कायदा आहे. वंश, रंग, धर्म, देश, अपंगत्व, शरीरयष्टी, कशावरूनही चिडवलं आणि समोरच्याला त्याचा त्रास झाला तर तो प्रकार त्यात येऊ शकतो, घरून फोनवरून रात्री केलं असलं तरी, शाळेत त्याचे पडसाद उमटले तर. तपास दहा शालेय दिवसांत संपवायचा असतो, निकाल शाळा चालवणाऱ्या स्थानिक शिक्षण बोर्डाकडे जातो, मग पालकांना लेखी कळवतात, पटलं नाही तर बोर्डापुढे सुनावणी मागता येते आणि त्याला ६० दिवसांची मुदत आहे. ती तारीख कॅलेंडरमधे टाका. २०२२ च्या बदलानंतर तर पहिल्याच वेळी तपासाच्या निकालाची प्रत विद्यार्थ्याच्या रेकॉर्डला लागते. म्हणून मुलांना शाळा सुरू व्हायच्या आधीच बसवून सांगा की पुण्यात, नागपुरात मित्रांना जे सहज म्हणायचास ते इथे म्हणायचं नाही. आणि तुमच्याच मुलाला कोणी उच्चारावरून किंवा डब्यावरून चिडवत असेल तर हाच कायदा त्याच्याही बाजूने आहे, तक्रार करा.

दुसरी आपली खास सवय म्हणजे वही देणे. जर्नल कंप्लीट करायला आपण सगळेच एकमेकांची घ्यायचो, नाही दिली तर दोस्ती कसली. इथे लॅब रिपोर्ट दिला तर देणारा आणि घेणारा दोघांवरही चीटिंगची कारवाई होते. मला विचाराल तर कॉलेजच्या दृष्टीने ही कारवाई सगळ्यात जड, कारण पुढेही हाच अभ्यास करायचाय ना. हुशार मुलांना निवडून घेणाऱ्या नॅशनल ऑनर सोसायटीतूनही नाव जाऊ शकतं, तिथे कॅरेक्टर ही अटच आहे.

बाथरूममधलं व्हेपिंग, म्हणजे ई-सिगरेट ओढणं. आपली मुलं नाही करत असं समजू नका. बॅगेची झडती घ्यायला शाळेला वॉरंट लागत नाही, वाजवी संशय पुरतो, आणि हा निकाल ज्या केसमधे लागला ती इथलीच, १९८० साली पिस्कॅटवे हायस्कूलच्या बाथरूममधे १४ वर्षांची मुलगी सिगरेट ओढताना सापडली, पर्समधे गांजाही निघाला, १९८५ ला सुप्रीम कोर्टाने शाळेची बाजू धरली. न्यू जर्सीत गांजा २१ च्या पुढे कायदेशीर असला तरी फेडरल म्हणजे केंद्राच्या कायद्यात नाही आणि व्हिसा, ग्रीनकार्ड सगळं फेडरल. त्यामुळे एच-फोरवरच्या (आईबाबांच्या एच-वन व्हिसावर अवलंबून असलेल्या) मुलाच्या प्रकरणात गांजा आला किंवा शाळेतला पोलीस अधिकारी आला, तर काहीही कबूल करायच्या किंवा सही करायच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला. मुलाला एक वाक्य पाठ करून द्या, मला आधी आईबाबांशी बोलायचंय.

सस्पेन्शन दहा दिवसांपर्यंतचं असलं तरी आरोप काय आहे ते सांगून मुलाची बाजू ऐकून घ्यावीच लागते, १९७५ पासूनचा नियम आहे. फर्पा (FERPA) या विद्यार्थ्यांच्या रेकॉर्डच्या फेडरल कायद्याखाली रेकॉर्ड बघायला मागता येतं, ४५ दिवसांच्या आत दाखवावं लागतं. शिक्षा त्यातून रद्द होत नाही, पण चुकीची नोंद दुरुस्त करायला सांगता येतं आणि नाहीच ऐकलं तर तुमचं निवेदन फाईलला जोडता येतं. मूल १८ चं झालं की हा हक्क त्याच्याकडे जातो, तेव्हा आधीच बघून घ्या.

अकरावीच्या शेवटी शाळेच्या काउन्सेलरची (कॉलेजच्या अर्जांत मदत करणाऱ्या सल्लागाराची) अपॉइंटमेंट घ्या आणि सरळ विचारा, कॉलेजने विचारलं तर शाळा काय कळवते. शाळेगणिक पॉलिसी वेगळी असते. काउन्सेलर एक लिहितोय आणि मुलगा दुसरं असं होता कामा नये.

आमच्याकडे बारावीत दोन कॉलेजांनी विचारलं. पहिला ड्राफ्ट नवऱ्याने लिहिला, त्यात बाकीची मुलं कशी जबाबदार होती तेच जास्त. काउन्सेलर म्हणाली, हे मुलाचं वाटत नाहीये. मग त्याने स्वतः लिहिलं, दीडशेएक शब्द, मी काय टाकलं, तो मुलगा तीन दिवस आला नाही, मी त्याच्या घरी जाऊन काय बोललो, त्यानंतर काय बदललं. आम्ही फक्त स्पेलिंग बघितली. दोन्हीकडे अ‍ॅडमिशन मिळाली. ती मिळाल्यावरही जूनपर्यंत सांभाळा, शाळेचा फायनल रिपोर्ट कॉलेजला जातो.

आणि शाळेचा प्रत्येक मेल प्रिंट करून लसीकरणाच्या कागदांबरोबर एका फाईलमधे ठेवा. मीटिंग झाली की त्याच रात्री, काय ठरलं ते चार ओळींत व्हाइस प्रिन्सिपलला मेल करायचा.